सोयाबीनचा बेवड, तरी मातीत नत्र कमी कसं?

प्रश्न (वाळवा तालुका)
रामराम मंडळी. सव्वा एकर काळं रान आहे. उसाचा खोडवा मोडून जूनमध्ये फुले संगम सोयाबीन पेरलं, एकरी बारा क्विंटल उतारा पडला. आता पूर्वहंगामी ऊस लावायचाय. थोरले चुलते म्हणतात, सोयाबीनच्या बेवडावर, म्हणजे सोयाबीन काढलेल्या रानात, ऊस जोमात येतो, युरियाचा एक हप्ता कमी कर. पण काढणीनंतर माती तपासली तर उपलब्ध नत्र हेक्टरी १६८ किलो, म्हणजे ‘कमी’. सोयाबीन हवेतलं नत्र मुळाशी साठवतं म्हणतात ना? मग ते गेलं कुठं? रान मोकळं पडलंय, चार दिवसांत सऱ्या सोडायच्यात.

उत्तर (पलूस)
दादा, पोत्यात भरून बाजारात गेलं. एका क्विंटल सोयाबीनमध्ये सहा किलोच्या वर नत्र असतं. बारा क्विंटल म्हणजे एकरी सत्तरच्या पुढं. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत नत्र जेमतेम पावणेएकवीस किलो, म्हणजे तीन गोण्यांहून जास्त नत्र तुम्ही विकलंत. आणि सोयाबीन सगळं हवेतलं घेत नाही. मुळावरच्या गाठी (त्यातले जिवाणू हवेतलं नत्र धरतात) चांगल्या असल्या तर निम्म्याच्या थोडं वर, बाकीचं तुमच्याच मातीतलं.

रानाला राहतं ते गळलेला पाला, मुळं आणि गाठी. ते कुजून पिकाला मिळायला वेळ लागतो, आत्ताच्या तपासणीत सगळं दिसणार नाही. उसाच्या पाचटापेक्षा हा पाला लवकर कुजतो, बेवडाचा फायदा त्यातच आहे. चुलत्यांचं म्हणणं खोटं नाही, पण तेवढ्यावर हप्ता तोडू नका.

तीन गोष्टी सांगा. मळणीचं भुसकट कुठं गेलं? बियाण्याला जिवाणू संवर्धक (गाठीतल्या जिवाणूंचं पाकीट) लावलं होतं? वरून युरिया दिला होता?

प्रश्नकर्ता
भुसकट गवळ्याला दिलं. संवर्धक नाही लावलं. आणि महिन्याच्या पिकाला दुकानदाराच्या सांगण्यावरून एकरी एक गोणी युरिया टाकला, पीक पिवळं दिसत होतं म्हणून. कोळपताना एक-दोन झाडं उपटली होती, मुळाला बारीक पांढऱ्या चार-पाच गाठी होत्या. मला वाटलं, आहेत म्हणजे झालं.

उत्तर (पलूस)
तिथंच चुकलं. झाड उपटायचं नाही, उपटलं की गाठी मातीतच तुटून राहतात. फुलोऱ्याच्या वेळी कुदळीनं मातीच्या ढेकळासकट काढायचं, बादलीत हलकं धुवायचं आणि गाठ नखानं चिरायची. आत गुलाबी-लाल निघाली तर जिवाणू कामाला लागलेत. पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती गाठ नावालाच. शिवाय आयतं युरिया मिळालं की झाड गाठी धरायचं कमी करतं. पाणी साचून राहिलं तरी तेच.

पुढच्या वेळी दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धक, बुरशीनाशक आधी लावून सुकल्यावर. सावलीत वाळवून लगेच पेरा. पाकीट सोयाबीनचंच घ्या, हरभऱ्याचे जिवाणू वेगळे.

उत्तर (कोरेगाव, सातारा)
सगळी द्विदल एका मापाची नसतात, हे पण लक्षात असू द्या. आमच्याकडं वाघ्या घेवडा पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याच्या मुळाला गाठी फार धरत नाहीत, त्याला नत्र वरून द्यावंच लागतं. घेवड्यामागं ज्वारीला खत कमी केलं आणि माझी ज्वारी पिवळी पडली होती. तागाचं तसं नाही. दाणा न्यायचा नाही, फुलकळी दिसली की ४५-५० दिवसांत अख्खा गाडायचा. सगळं रानातच राहतं.

प्रश्नकर्ता
आता लागणीआधी ताग घ्यायला वेळ नाही.

उत्तर (पलूस)
लागणीसोबत वरंब्यावर टोका, आणि बाळबांधणीला (उसाला पहिली हलकी भर देताना) सरीत गाडा. उसाला झाकू देऊ नका, पाणी तोडू नका. उसाचं खत शिफारशीप्रमाणंच द्या.

प्रश्नकर्ता
वीस गुंठ्यांत तागाच्या ओळी धरतो, बाकी नुसता ऊस. भुसकटाची एक ट्रॉली गवळ्याकडं अजून पडून आहे, तेवढी आजच माघारी आणतो.