कुत्र्याला परदेशी न्यायची तयारी: तुमचे अनुभव सांगा

शेजारच्या पोराचा जर्मनीचा व्हिसा आला, पेढे घेऊन आला तर मागं त्याचा लॅब्रा. आमच्या राजाची लई आठवण आली. राजा कारवानी जातीचा कुत्रा, लातूरकडचाच, ताईकडं म्युनिकला नेला होता. लोक आधी तिकीट बघतात, पण खरा वेळ रक्ततपासणीला लागतो. आधी मानेच्या कातडीखाली नंबरची चिप, मग रेबीजची लस, लसीनंतर कमीत कमी ३० दिवसांनी रक्त, ते युरोपियन युनियननं मान्य केलेल्या लॅबला, टायटर (लसीची ताकद रक्तात किती आली त्याचा आकडा) ०.५ किंवा वर पाहिजे, आन रक्त घेतल्यापासून ३ महिने थांबायचं. डॉक्टरनं मानेवर स्कॅनर फिरवला की आई १५ आकडे मोठ्यानं वाचून कागदाशी ताडून बघायची. तुम्ही कोणी नेलंय का?

— चिप आधी लस नंतर, हे ठळक करा हो!! पुतणीच्या कुत्रीला डॉक्टरनी उलटं केलं, लस हिशेबात धरलीच नाही, परत पहिल्यापासून. पोरगी लई रडली.

— अरेरे 😔

— कारवानी का! आमच्या आजोबांकडं पश्मी (केसाळ कारवानी) होता, रानात सशामागं सुटला की दिसायचाच नाही. आता गावात कोणी पाळंना. राजाचा फोटो टाका ना दादा

— पेढे कुंथलगिरीचे होते का?

— हो मग, दुसरे कुठले 😄 फोटो शोधायलोय

— प्रवासाच्या पिंजऱ्याची सवय लई आधी लावा. उभं राहता, वळता, पाय पसरून झोपता आलं पाहिजे. आम्ही दार काढून ओसरीत ठेवला, आत सासूबाईंचं जुनं लुगडं, दूध-भाकरी पण आतच, मग आमची कुत्री दुपारी आपणहून जाऊन झोपायला लागली. कुकर झालाय, नंतर लिहिते

— इंग्लंडला विमानानं नेताना कार्गोनंच न्यावं लागतं, सोबत नाही. आन पोचायच्या आधी २४ ते १२० तासांत टेपवर्मची (पोटातल्या जंतांची) गोळी डॉक्टरनं देऊन नोंद करायची

— आमचा पग आहे, चालंल का?

— चपट्या नाकाचे बऱ्याच एअरलाईन घेत नाहीत, दम लागतो त्यांना. आधी विचारा. आन गुंगीचं औषध अजिबात देऊ नका

— नांदेडहून मुंबईला रेल्वेनं कसं न्यायचं?

— फर्स्ट एसीचा कूपे पूर्ण आपल्या नावावर पाहिजे, नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी. मुंबईत ॲनिमल क्वारंटाईनच्या सरकारी ऑफिसातून कुत्रा बाहेर न्यायचं सर्टिफिकेट घ्यायचंय, तेव्हा एक दिवस आधीच पोचा, ओरिजिनल कागद हातातल्या पिशवीत ठेवा.