ऑटिझम असलेल्या लेकासाठी सरकारी मदत : आधी कशाच्या मागे लागू?

पहाटपाऊल
नमस्कार. लेक साडेचार वर्षांचा आहे, दोन महिन्यांपूर्वी ऑटिझमचं निदान झालं. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि स्पीच थेरपी मिळून महिन्याला चौदा हजार जातात. मी नोकरी सोडली, आता घरात एकच पगार, वर्षाला साडेआठ लाख. यूडीआयडी, निरामय, ८०डीडी अशी नावं कानावर येतात आणि डोकं गरगरतं. विम्यासाठी वर्षाला दोन हजारांच्या वर एक रुपया निघणार नाही. सुरुवात कुठून करू?

हिशोबी_माणूस
ताई, ८०डीडी, म्हणजे दिव्यांग अवलंबितासाठी मिळणारी प्राप्तिकरातली वजावट, सोडू नका. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ७५ हजारांची वजावट, ८० टक्के किंवा पुढे सव्वा लाख. प्रत्यक्ष खर्च किती झाला हे विचारत नाहीत. ऑटिझमला फॉर्म १०-आयए लागतो. मी सहा वर्षं घेतोय, एकदाही नोटीस आली नाही.

दोघींची_आई
आधी अपंगत्वाचं प्रमाणपत्र! त्याशिवाय पान हलत नाही. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा (यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्रही तिथूनच), मग सरकारी रुग्णालयात तपासणी. आयएसएए नावाची ४० मुद्द्यांची चाचणी असते. ७० ते १०६ गुण म्हणजे सौम्य, त्यापुढे मध्यम, १५३ च्या वर तीव्र.
माझं काय झालं सांगते. तपासणीच्या बाईंनी विचारलं, "नजरेला नजर देते का?" मी पटकन म्हटलं, "देते की!" धाकटी तेव्हा टेबलाखाली बसून माझ्या सँडलचा पट्टा काढत-लावत होती. तासाभरात एकदाही तिनं मान वर केली नव्हती. लेकराचं चांगलंच सांगावंसं वाटतं हो. टक्केवारी कमी आली आणि पुन्हा सगळे हेलपाटे. म्हणून आधी आठवडाभर वही ठेवा. झोप किती, कशाला घाबरतो, काय खातो, काय थुंकतो. वाईट दिवसही सांगा, खरं ते सगळं सांगा.

निवृत्त_मास्तर
नातवासाठी मुलानं वर्षाला चाळीस हजार हप्त्याची पॉलिसी घेतली आहे. आपल्यामागे लेकराचं कोण बघणार, हा विचार आत्ताच करा. मृत्युपत्र करा, ट्रस्ट करा. अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालकत्व लागतं, ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समिती देते. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात.

काठावरची
मास्तर, त्यांनी दोन हजार म्हटलंय.
ताई, निरामय हा आरोग्यविमा घ्या. राष्ट्रीय न्यासाचीच योजना आहे. दारिद्र्यरेषेच्या वरच्या कुटुंबाला पहिल्यांदा ५०० रुपये, नंतर दरवर्षी २५०. एक लाखापर्यंत कवच, आधी वैद्यकीय तपासणी नाही, थेरपीच्या खर्चापैकीही काही भाग मिळतो. मात्र पैसे आधी आपण भरायचे, मग क्लेम. माझ्या पहिल्या पावतीवर थेरपिस्टचा नोंदणी क्रमांकच नव्हता, क्लेम परत आला. पावती हातात पडली की तिथेच तपासा.

शांत_रस्ता
प्रमाणपत्राची एवढी घाई का? एकदा शिक्का बसला की बसला. माझा भाचा पाच वर्षांचा झाल्यावर बोलायला लागला.

दोघींची_आई
भाचा बोलला, आनंद आहे. पण शिक्का कसला? आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांत दिव्यांग मूल वंचित गटात धरतात, तिथे उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. प्रमाणपत्र मात्र मागतात. आमच्या थोरलीला तसाच प्रवेश मिळाला.

शांत_रस्ता
मिळेल प्रवेश, पण वर्गात मुलं चिडवतात त्याचं काय?

दोघींची_आई
कागद नसला तरी चिडवतात. कागद असला तर शाळेला जाब विचारता येतो.

रानवाट
पगारदारांचं किमान हप्त्यावर तरी बोलणं चालतं. आमच्याकडे संजय गांधी निराधारसाठी तहसीलला तीन खेपा झाल्या. ग्रामपंचायतीत स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो, तोही मागितल्याशिवाय कुणी देत नाही. ताई, जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं सरकारी केंद्र, शोधा. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत तपासणी आणि थेरपी फुकट. आमच्याकडे स्पीचच्या मॅडम आठवड्यातून एकदाच येतात, पण येतात.

हिशोबी_माणूस
तिथे अर्धा दिवस रांगेत जातो. या वयात खासगी थेरपी अजिबात मोडू नका. ८०डीडी घ्या, त्यातून पैसे सुटतील.

काठावरची
खासगी सोडू नका, हेच म्हणते.

निवृत्त_मास्तर
सहमत. आणि पॉलिसीचा विचार करा.

आकडेमोड
८०डीडी फक्त जुन्या करप्रणालीत चालतं. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. साडेआठ लाखांवर वजावट घेऊन वाचवायचं काय?

हिशोबी_माणूस
गृहकर्ज असेल तर जुनी परवडते.

आकडेमोड
दादा, नव्यात त्यांचा कर शून्य आहे. गृहकर्जानं आणखी खाली कुठे जाणार?

पहाटपाऊल
सगळ्यांचे मनापासून आभार. काल यांच्यासोबत बसून हिशोब केला. ८०डीडी सोडलं. पॉलिसी आत्ता नाही, मास्तरकाका. प्रमाणपत्र हातात आलं की लगेच निरामय, ५०० रुपये डब्यात बाजूला काढून ठेवलेत.
बहुतेकांनी नको म्हटलं तरी ओटी मी डीईआयसीला नेते आहे. स्पीच खासगी ठेवते, कारण त्या ताईंच्या मांडीवर तो आपणहून बसतो, ते मला मोडायचं नाही. ओटीचे सहा हजार वाचले तर पुढचं वर्ष निभावेल. रांगेत उभं राहायला मी घरी आहेच.
वही कालपासून सुरू केली. रात्री दोन ते चार जागा, कपाटाचं दार उघड-बंद, धरलं की किंचाळतो. सकाळी माझं बोट धरून माठापाशी घेऊन गेला, तेही खाली लिहिलंय. तपासणीची तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली आहे.