गड्ड्याच्या आठवड्यात मुलांना काय दाखवायचं?

ए-१०४, रात्री ८:१२
नमस्कार. आम्ही जूनमध्ये नाशिकहून इथे राहायला आलो, त्यामुळे सोलापुरातला हा आमचा पहिलाच जानेवारी. माझी बहीण, मेहुणे आणि त्यांची दोन मुलं ११ तारखेला येतायत, १७ पर्यंत राहणार आहेत. आमची दोन धरून चार मुलं, सगळ्यात लहान सहा वर्षांचं, मोठा तेरा. गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची मोठी जत्रा एवढंच ऐकलंय. त्या आठवड्यात नाटक, संग्रहालय, मुलांना आवडेल असं आणखी काय बघता येईल?

सचिव, ८:१५
वहिनी, पाहुण्यांना सोलापूर दाखवायला याच्याहून चांगला आठवडा वर्षात नाही. इथेच बोलून ठरवू. आपल्या सोसायटीतली बाकीची पोरंही येतील.

बी-२०३, ८:२१
सोपं आहे. सकाळी विज्ञान केंद्र, मग किल्ला, दुपारी कोटणीस स्मारक, संध्याकाळी होम मैदानावरची जत्रा. एका दिवसात सगळं उरकतं. गाडी करा फक्त.

बी-३०२ (सर), ८:४०
उरकतं, पण मुलांच्या हाती काही लागत नाही. चाळीस वर्षं मी सहली नेल्या. चौथ्या ठिकाणी पोचेपर्यंत मुलं फक्त बाटलीत पाणी किती उरलंय तेवढंच बघतात. दिवसाला एक गोष्ट, फार तर दोन.

आणि सुरुवात गड्ड्यापासून करू नका. सुरुवात १२ तारखेच्या सकाळी चार पुतळ्यांपासून करा. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. त्याच्या आदल्या वर्षी, ९ ते ११ मे १९३० हे तीन दिवस, या शहरात इंग्रजांचा हुकूम चालत नव्हता. मग मार्शल लॉ लागला आणि या चौघांवर खटला भरला. आपण रोज त्या चौकातून जातो, सिग्नल सुटला की निघतो. मुलांना पुतळ्यासमोर उभं करून चारही नावं मोठ्याने वाचायला सांगा. लिंगायत, मुसलमान, मारवाडी, मराठा. गिरणी कामगारांचं शहर होतं, ही माणसं त्यांच्यात वावरलेली होती. वाचून झालं की मुलं स्वतःच विचारतात, सर, हे सगळे एकत्र कसे?

ए-१०४, ८:४४
सर, हे मला खरंच माहीत नव्हतं. १२ ला सकाळी नक्की.

बी-३०२ (सर), ८:५१
मग त्याच दिवशी भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर बघा. महापालिकेने त्याचं स्मारक केलंय. १९१० साली आपल्या सोलापुरात जन्मलेला मुलगा, डॉक्टर झाला, १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला जे पाच डॉक्टर पाठवले त्यात गेला. बाकीचे चौघे परत आले, हा राहिला. आघाडीवर जखमींची ऑपरेशनं केली, तिथल्याच परिचारिकेशी, गुओ चिंगलानशी लग्न केलं. मुलगा झाला त्याचं नाव यिनहुआ ठेवलं, यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला गेला तेव्हा वय ३२. तुमचा तेरा वर्षांचा आहे ना, त्याला हे घर लागू पडेल. सहा वर्षांच्याला जुना वाडा म्हणून आवडेल, त्याच्याकडून जास्त अपेक्षा नको.

सी-४०४, ८:५५
सर, मी या शहरात जन्मलो आणि त्या घरात एकदाही गेलो नाही. माझे दोघे पण येतील.

ए-३०१ (दादा), ९:०३
१३ ला नंदीध्वज निघतात वहिनी. मी स्वतः पेलायला असतोय. महिनाभर झालं रोज रात्री सराव करूलालोय, म्हणून जिन्यात भेटत नाही मी कुणाला.

ए-१०४, ९:०५
नंदीध्वज म्हणजे नेमकं काय? माझी मुलगी विचारतेय.

ए-३०१ (दादा), ९:१४
तिला सांगा, सजवलेली उंचच्या उंच काठी. सात असतात, प्रत्येकाचे मानकरी वेगळे. सिद्धेश्वर महाराजांच्या योगदंडाचं ते रूप. १३ ला उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून निघतात आणि महाराजांनी शहराच्या पंचक्रोशीत स्थापन केलेल्या ६८ लिंगांना जातात, तिथं तेलाचा अभिषेक. सकाळी निघालेला माणूस रात्री परत येतोय. सगळे पांढऱ्या बाराबंदीत. काठी एकाच्या अंगावर, शेजारी दुसरा तयारच उभा. वारा आला की वरचं टोक हलतंय आणि खालच्याला कमरेत कळतंय. डोळे वर ठेवायचे, पाय आपोआप पुढं पडले पाहिजेत. ताकदीचं काम कमी, तोलाचं जास्त. आमच्या वस्तादांनी पहिला महिना मला काठीला हातसुद्धा लावू दिला नव्हता, नुसतं शेजारी चालायला लावलं.

ए-१०४, ९:१६
सराव बघायला आणलं तर चालेल मुलांना?

ए-३०१ (दादा), ९:१७
चालेल म्हणजे, आणाच की! यात्रेत गर्दीमुळं पोरांना काही दिसत नाही. सरावात अगदी पाच फुटांवरून बघायला मिळतंय, माणसाचा घाम दिसतोय. १० तारखेपर्यंत सराव आहे. तुमचे पाहुणे ११ ला येणार, त्यांचं हुकणार, पण तुमची दोघं येऊ द्या. लहान पोरांचे छोटे नंदीध्वज पण असतात.

बी-१०१ (आजी), ९:२५
अक्षता १४ ला. ती चुकवू नका ग पोरी. सिद्धरामाशी, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर महाराजांशी, लग्न करायचं म्हणून कुंभाराची एक मुलगी हट्ट धरून बसली. महाराज योगी, ते कुठलं लग्न करणार. त्यांनी सांगितलं माझ्या योगदंडाशी लग्न लाव. ते लग्न दरवर्षी लागतं. देवळाजवळच्या संमती कट्ट्यावर. सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम म्हणतात आणि अक्षता पडतात. मी लग्न होऊन इथे आले त्या वर्षीपासून उभी राहायची. आता गुडघे ऐकत नाहीत, घरी टीव्हीसमोर मुठीत तांदूळ घेऊन बसते आणि तिथेच टाकते.

सी-४०४, ९:२८
आजी, यंदा आम्ही नेतो तुम्हाला. व्हीलचेअर माझ्याकडे आहे.

ए-३०१ (दादा), ९:३४
संमती कट्ट्याजवळ व्हीलचेअर आणि सहा वर्षांचं पोरगं दोन्ही नको, खरं सांगतो. तिथं मुंगीला जागा नसते. त्यापेक्षा मिरवणुकीच्या वाटेवर थांबा. वाड्यातून निघून दाते गणपती, दत्त चौक, माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा अशी येते. माणिक चौकाच्या अलीकडे माझ्या मित्राचं दुकान आहे, पायऱ्या आहेत, सावली आहे. सातही काठ्या एकामागं एक डोळ्यासमोरून जातात. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ ऐकलं की पोरं आपोआप ओरडतील. मोठ्यांना अक्षतेला पुढं जायचं तर तिथून चालत जाता येतं. आजींना मी सांगून ठेवतो, खुर्ची मिळेल.

बी-१०१ (आजी), ९:३६
देव तुझं भलं करो. तांदूळ घरून आणीन.

ए-२०२, ९:४१
एक मनातलं विचारते. १५ ला होम मैदानावर कुंभारकन्येची बाहुली होमात जाते. मागच्या वर्षी माझी मुलगी रडली. लग्न झालं आणि लगेच जाळली का, म्हणून. मला उत्तर देता आलं नाही. यंदा नेऊ की नको कळत नाही.

बी-३०२ (सर), ९:५८
तिचा प्रश्न बरोबर आहे, तो दाबू नका. मी माझ्या नातीला सरळ सांगितलं. जुनी कथा आहे, तीत ती मुलगी शेवटी अग्नीत गेली. तेव्हाच्या लोकांना त्यात भक्ती दिसली. आज कुणा मुलीने असं करावं असं आपण कुणीच म्हणणार नाही, आणि म्हणूनही नये. तिची आठवण मात्र हे शहर आठशे वर्षं ठेवतंय. नात म्हणाली, तिचं नाव काय होतं? मी म्हणालो, कथेत कुंभारकन्याच म्हणतात. त्यावर ती बराच वेळ नाराज होती. मला वाटतं ती नाराजी योग्य आहे. मुलीला न्यायचं की नाही ते तिलाच विचारा. नको म्हणाली तर त्या संध्याकाळी माझ्याकडे पाठवा, मी सिद्धरामांची कन्नड वचनं वाचून अर्थ सांगतो.

ए-२०२, १०:०१
विचारते तिला. थँक्यू सर.

बी-१०१ (आजी), १०:०३
त्याच रात्री वासराची भाकणूक असते. पाऊस कसा पडेल ते सांगतात. आमच्या माहेरचे शेतकरी अजून फोन करून विचारतात.

बी-२०३, १०:०६
बरं, माझं विज्ञान केंद्र कुठे बसतंय यात? केगावला आहे, विद्यापीठाच्या बाजूला. मुलांना हात लावून बघता येतं, ते सोडू नका.

सचिव, १०:०८
१५ ला सकाळी घ्या. होम संध्याकाळी आहे. आणि तिकडे पोहे-चहा तुमच्याकडून.

बी-२०३, १०:०८
मान्य. शेंगा चटणी आणि कडक भाकरी पण बांधून घेतो.

सी-२०१ (अक्का), १०:१९
तुम्ही सगळं देवाचं आणि इतिहासाचं धरलंत, चादर कुठं गेली? पाहुणे परत जाताना नव्या पेठेतून चादर घेणारच. ती कशी होते ते बघून तरी जाऊ द्या. आमच्या मामांचा पूर्व भागात यंत्रमागाचा कारखाना आहे. मी विचारते.

आमचे आजोबा तेलंगणातून आले, पद्मशाली. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, देवळात कन्नड ऐकू यायचं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा अख्खा पूर्व भाग रस्त्यावर असतो, ते ऑगस्टमध्ये दाखवेन. आत्ता माग बघा. चादरीवर मोर येतो तो छापलेला नसतो, विणलेला असतो. वर जकार्ड असतं, त्यात भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं फिरतात. जिथं भोक तिथला उभा धागा उचलला जातो, जिथं नाही तिथला खाली राहतो, आणि मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. एक ओळ झाली की पुढचं कार्ड. अशा ओळी चढत चढत मोराची मान वर येते. मी लहानपणी मागाशेजारी बसून बघत असायची, कधी डोळा निघतोय त्याची वाट बघत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे सगळे सांगतात, पण त्या खडखडाटात बारा बारा तास उभं राहिलेल्या माणसाला मुलांनी एकदा तरी बघायला पाहिजे.

बी-३०२ (सर), १०:२६
अक्का, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. मी मघापासून तेच सांगायला बघत होतो. सिद्धरामांनी माणसं जमवून तलाव खोदला, तो अजून देवळाभोवती आहे. ३० साली रस्त्यावर उतरले ते गिरणीतले लोक. काठी पेलणारा आपल्या जिन्यातला मुलगा. मुलांना देखावा दाखवू नका, तो करणारी माणसं दाखवा. मी तर म्हणेन कारखान्याला सगळ्यात जास्त वेळ ठेवा.

ए-१०४, १०:३०
अक्का, मोठा मुलगा कॉम्प्युटर शिकतोय. भोक असेल तर एक, नसेल तर शून्य, हे ऐकून तो आत्ताच माझ्या शेजारी येऊन बसलाय. १६ ला सकाळी चालेल?

सी-२०१ (अक्का), १०:३२
चालेल. संक्रांतीला कामगार सुट्टीवर जातात, १६ पर्यंत परत येतील. मामांशी बोलून उद्या पक्कं सांगते.

सी-४०४, १०:३७
१६ ला संध्याकाळी होम मैदानावर शोभेचं दारूकाम. लहानग्यांच्या कानाला कापूस, आणि पार्क चौकात गाडी लावायचा विचारही करू नका, रिक्षाने या.

ए-१०४, १०:४०
आणि नाटक?

बी-३०२ (सर), १०:४६
हुतात्मा स्मृती मंदिर आणि फडकुले सभागृह, दोन्हीकडच्या जाहिराती उद्या सकाळी बघून येतो. मुलांचं नाटक असेल तर तेच. डॉ. जब्बार पटेल आणि अतुल कुलकर्णी दोघंही आपल्या हरिभाई देवकरण प्रशालेचे, हे मुलांना सांगून ठेवा, म्हणजे रंगमंचाकडे जरा वेगळ्या नजरेने बघतील.

ए-३०१ (दादा), १०:५२
आणि ११ ला संध्याकाळी पाहुणे आले की रेवणसिद्धेश्वराजवळ जनावरांच्या बाजारात न्या. आपल्यापासून जवळ, विजापूर रोडलाच. खिल्लार बैल बघून नाशिकचे पाहुणे खूश होतील. हात लावायच्या आधी मालकाला विचारायचं, एवढं पोरांना सांगा.

ए-१०४, १०:५५
भुईकोट किल्ला राहिलाच की.

सचिव, ११:०२
१७ ला सकाळी. बहमनी काळातला, दोन तटांचा. १८१८ मध्ये इंग्रज आणि पेशव्यांच्या फौजेची लढाई इथेच झाली. तटावरून तलाव आणि सिद्धेश्वराचं देऊळ दिसतं, तिथे सगळ्यांचा फोटो काढू.

मिनीबस १२ आणि १६ लाच करतो, बाकी दिवशी आपापल्या सोयीने. किती मोठे, किती मुलं ते उद्या दुपारपर्यंत कळवा. भाडं डोक्यामागे वाटून घेऊ, मुलांचं सोसायटीच्या सांस्कृतिक निधीतून. कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला.

बी-२०३, ११:०३
हरकत नाही. आमचे तीन.

ए-२०२, ११:०३
आमचे दोन. मुलीला विचारलं. ती म्हणते होमाला येणार आहे, पण सरांच्या शेजारी बसणार.

सी-४०४, ११:०४
आमचे चार आणि आजी. १२ ला सकाळी आठला गेटपाशी, पुतळ्यांना हार मी आणतो.

सी-२०१ (अक्का), ११:१०
मामांचा आत्ताच फोन झाला, हो म्हणाले. १६ ला येताना मुलींचे केस घट्ट बांधून आणा, ओढणी आणि सैल बाह्या नकोत, पायात चप्पल नको, बूट घाला. मागाजवळ मोकळं कापड चालत नाही. आणि आत बोललेलं ऐकू येत नाही, मी हात वर केला की सगळ्यांनी जागेवर थांबायचं, हे मुलांना आजपासूनच सांगून ठेवा.