स्वयंपाकातली कोणती गोष्ट तुमच्या हातात बसली आहे?

परवा घरी आठ माणसं जेवायला होती आणि मी उभ्या उभ्या पंचवीस भाकऱ्या केल्या. एकही चिरली नाही, एकही फुगायची राहिली नाही. शेवटची तव्यावरून काढताना मनापासून वाटलं, हे मला येतं. असं आपण बोलून दाखवत नाही. कुणी पोळीची तारीफ केली की "यंदा गहू चांगला मिळाला" म्हणतो आणि मोकळे होतो. म्हणून हा धागा काढते आहे. तुम्हाला अभिमान वाटतो अशी एकच गोष्ट लिहा. साग्रसंगीत कृती नको. नेमकं काय कळलं तेव्हा ती जमायला लागली, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. मी सोलापूरची. घरात मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, तरी लग्नानंतर दोन वर्षं माझ्या भाकरीला कडेनं चिरा पडायच्या. सासूबाई म्हणायच्या, अजून मळ. मी मळायची, पण पीठ महिनाभराचं असायचं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळातच नाही. दळण जुनं झालं की पिठाची विरी जाते, मग कितीही मळलं तरी उपयोग नाही. आता आठवड्यापुरतंच दळून आणते. जुनं पीठ वापरायची वेळ आलीच तर उकळत्या पाण्यात कालवते, त्यानं ते पुन्हा धरून येतं. दुसरी गोष्ट पाण्याच्या हाताची. भाकरी तव्यावर टाकली की पिठाची बाजू वर येते, तिच्यावर पाणी फिरवायचं आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला की वरची बाजू तडकते, वाफ तिथून निघून जाते आणि भाकरी बसते.

आता तुम्ही लिहा.

रत्नागिरीहून

उकडीचे मोदक. मी पुरुष आहे आणि आमच्या घरात गणपतीचे एकवीस मोदक गेली सोळा वर्षं मीच वळतो. आजीनं शिकवलं. माझ्या मुखऱ्या (मोदकाच्या कळ्या) आठ-नऊच्या वर जात नव्हत्या, पारी फाटायची. आजी पारीकडे बघायचीसुद्धा नाही, उकडीला बोट लावायची आणि म्हणायची, "थंड झाली रे." हात भाजतोय असं वाटत असतानाच तेलपाण्याचा हात लावून मळायची, हे तेव्हा कळलं. पारी मध्ये जाडसर आणि कडेला पातळ हवी, कारण मुखऱ्या कडेला पडतात आणि सारणाचं वजन तळाला येतं. आता एकवीस मुखऱ्यांचा मोदक होतो. उरलेल्या उकडीत मिरची-जिरं घालून निवगऱ्या करतो. त्या माझ्या मुलीला मोदकांपेक्षा जास्त आवडतात.

पुण्याहून

मला जन्मापासून दिसत नाही. माझी फोडणी कधी जळत नाही, याचा मला अभिमान आहे. तेलात मोहरीचा एक दाणा टाकते. तो लगेच फुटला तरच बाकीची घालते. तडतड आधी एक-एक, मग एकदम जोरात, मग विरळ होत जाते. ती विरळ व्हायला लागली की जिरं, हिंग आणि गॅस बारीक, हळद अगदी शेवटी. कांदा परततानाही आवाज सांगतो. पाणी आहे तोवर चरचर मोठी असते, ते आटलं की आवाज खाली बसतो आणि गोडसर वास सुटतो. घरातले डोळस लोक मला विचारतात, कांदा झाला का?

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातून

अनारसे! यावर मी सविस्तर लिहिणार, कारण ते जमायला मला सात दिवाळ्या लागल्या.

तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. चुकतं ते चौथ्या दिवशी. तांदूळ निथळून घरातच सावलीत कापडावर पसरायचे आणि मुठीत धरल्यावर ओल लागली पाहिजे, पण हाताला पाणी लागता कामा नये. मी ते कडकडीत वाळवायची. मग पीठ गूळ धरत नाही. ओले राहिले तर गूळ घातल्यावर पिठाचं पातळ आळण होतं. दमट असतानाच कुटायचे, बारीक चाळणीनं चाळायचे आणि किसलेला गूळ घालून गोळे डब्यात ठेवायचे. निदान चार-पाच दिवस त्यांच्याकडे बघायचं नाही.

तळताना पुढची परीक्षा. खसखशीवर थापायचा, तुपात सोडताना खसखस वर, आणि उलटायचा नाही. झाऱ्यानं वर तूप उडवत राहायचं, म्हणजे जाळी पडते. सहा दिवाळ्या माझे अनारसे हसले. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, अनारसा हसला म्हणजे तुपात पडताक्षणी विरघळून कढईभर पसरला. गूळ जास्त झाला की असं होतं. तेव्हा मी रडून सगळं पीठ टाकून द्यायची. सातव्या वर्षी शेजारच्या आजींनी थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळून दाखवली, आणि तेच पीठ सुधारलं! म्हणून आता पहिला अनारसा नेहमी छोटा, एकटा सोडते. तो हसला तर पिठी, दगडासारखा झाला तर चमचाभर पिकलं केळं. मागच्या अधिक महिन्यात जावयाच्या वाणाचे तेहतीस अनारसे घरी केले. चौतिसावा लागला नाही, एकही मोडला नव्हता.

धुळ्याहून

खापरावरचे मांडे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पुरणाचे मांडे आणि आमरस, माहेरवाशिणी आलेल्या. आईचा हात बघून शिकले. पीठ वस्त्रगाळ हवं आणि इतकं मळलेलं, की ओढलं तर तुटू नये. पुरण भरून हातावर घ्यायचं आणि या हातावरून त्या हातावर झुलवत मोठं करायचं. लोकांना वाटतं जोर लागतो. जोर लावला की फाटतं. मांडा स्वतःच्या वजनानं खाली येतो, आपण फक्त हात पुढे न्यायचा. कोपरापर्यंत आला की पालथ्या खापरावर अलगद सोडायचा. पहिला मांडा आईच्या ताटात वाढला तेव्हा ती काही बोलली नाही, दुसरा मागितला.

सिंधुदुर्गातून

बांगड्याची तिरफळं घातलेली आमटी. दोनच गोष्टी सांगते. तिरफळं वाटपात वाटायची नाहीत, कडू होतं. आतलं काळं बी काढून टाकायचं, सालं मिठाच्या पाण्यात जरा चेचून आमटीत सोडायची. आणि बांगडे घातल्यावर डाव फिरवायचा नाही, भांडं दोन्ही बाजूंनी धरून हलवायचं. माझ्या आमटीतला बांगडा दुसऱ्या दिवशीसुद्धा अख्खा असतो, आणि चवीला तेव्हाच खरा.

टोरांटोहून

दही. बाहेर उणे पंधरा असताना घरी कवडीचं दही लागतं, याचा इतका आनंद मला पगारवाढीचाही झाला नव्हता. पहिले दोन हिवाळे नुसतं आंबूस दूध पीत होतो. करंगळी बुडवून "कोमट" ठरवायचो, पण इथे करंगळीच गार असते! मग तापमापक आणला. दूध 42-43 अंशांवर आलं की विरजण घालायचं, हे नक्की केलं. भांडं बंद ओव्हनमध्ये, फक्त आतला दिवा लावून. त्या दिव्याची ऊब सहा-सात तास पुरते. आता मित्र विरजण न्यायला येतात.

अनारसेवाल्या ताई, एक विचारू? इथे थंडीत तांदळाला तीन दिवस पुरतील का?

नाशिकहून

कुरडयांचा चीक शिजवणं. एप्रिलात, पहाटे पाचला. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक, जितका चीक तितकंच पाणी, आणि गुठळी न होऊ देता लाटण्यानं घोटत राहायचं. पांढरा रंग जाऊन काचेसारखी चमक आली की झालं. माझं वय एकाहत्तर आहे. अजून हा चीक सुनेला घोटू देत नाही, तिनं सोऱ्या धरायचा.

अहिल्यानगर जिल्ह्यातून

टोरांटोच्या भाऊंना. दिवस मोजू नका, वास घ्या. पाण्याला हलका आंबूस वास आला पाहिजे आणि तांदूळ दोन बोटांत चुरडला गेला पाहिजे. तुमच्याकडे चार-पाच दिवसही लागतील. रोज पाणी मात्र बदला, आणि भांडं त्या दह्याच्या दिव्यापाशी ठेवू नका, तिथे ते सडेल. पहिला अनारसा छोटा सोडा आणि कसा झाला ते इथेच लिहा.