नवे टायर घेतले म्हणून सेन्सरही नवे? मला तरी पटत नाही

हवापालट (धागाकर्ता)
गेल्या शनिवारी पुण्यात गाडीचे चारही टायर बदलले. गाडी २०१९ची, ४६,००० किलोमीटर झालेली. टायरच्या खाचा पार गुळगुळीत झाल्या होत्या, त्याबद्दल वाद नाही. पण गाडी जॅकवर चढायच्या आधीच दुकानातला मुलगा म्हणाला, "साहेब, हवेचे सेन्सर पण चारही टाकून घ्या, टायरबरोबर बदलायचेच असतात." एकाचे ३,४००, म्हणजे चारांचे १३,६००. डॅशबोर्डवर तर चारही चाकांचे आकडे नीट दिसत होते. मी नाही म्हटल्यावर त्याने असं पाहिलं, जणू लग्नात जेवलो आणि आहेर न करताच निघालो.

माझं म्हणणं साधं आहे. झिजतो तो टायर. सेन्सर रिमच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी बसलेला असतो. त्याचा आणि रस्त्याचा संबंधच येत नाही. मी व्हॉल्व्हचं रबर, वॉशर आणि आतली हवा अडवणारी पिन तेवढी बदलून घेतली, चाकामागे दीडशे रुपये. चुकलं का काही?

टायरवाला_कोल्हापूर
साहेब, आम्ही रोज हेच करतोय म्हणून सांगतो. सेन्सर झिजत नाही हे कबूल. पण त्याच्या आतल्या सेलचं काय? तो आत घट्ट सीलबंद असतो, सुटा काढून दुसरा घालता येत नाही. सेल मेला की सेन्सर कचऱ्यात. पाच ते दहा वर्षं चालतो. तुमच्या गाडीला सहा वर्षं उलटली आणि नवे टायर अजून चार-पाच वर्षं पळणार. मग मधेच कुठंतरी सेल जाणार, टायर परत मशीनवर, परत बॅलन्सिंग. आणि गिऱ्हाईक आमच्याच अंगावर येतंय, "तवाच का नाही बोललास?" बोललो तर आम्ही लुटारू, नाही बोललो तर निष्काळजी.

शंकासुर
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. माझ्या डिकीत पाचशे रुपयांचा हवा मोजायचा गेज आहे. दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना मोजतो. डॅशबोर्डवरचा हवा कमी झाल्याचा दिवा बंद पडला तर पडू दे.

दुसरा_गिअर
@शंकासुर, रविवारी मोजलेली हवा बुधवारी खिळा घुसल्यावर काय कामाची? समृद्धीवर ११०ने चाललो होतो, मागची डावी बाजू ३३वरून ३०, मग २८. गाडीला काहीच जाणवत नव्हतं, ना हादरा ना ओढ. आकडा बघून थांबलो. खिळा सापडला. काँक्रीटवर त्या वेगात कमी हवेचा टायर तापून फुटला असता तर आज हा प्रतिसाद लिहायला मी नसतो. पण चारही आत्ताच बदला, हे मलाही पटत नाही. जो जाईल तो बदला.

खडूस_आजोबा
सगळे भांडताय, पण गाडीत सेन्सर आहेत का हे आधी कोणी विचारलं का? माझ्या मेव्हण्याला एका दुकानात चार सेन्सरचं कोटेशन दिलं होतं. त्याच्या गाडीच्या चाकात एकही सेन्सर नाही! टाटाच्या बऱ्याच गाड्यांत आयटीपीएमएस असतं, म्हणजे चाकात सेन्सर न बसवता हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा. ते एबीएसच्याच (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरवरून चाकाचा फिरण्याचा वेग बघतं. हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित घटतो, ते बाकीच्यांपेक्षा जास्त गिरक्या घेतं, त्यावरून दिवा लागतो. तिथे बदलायला काही नाहीच. नवे टायर टाकले, हवा नीट भरली, मेनूत जाऊन रीसेट केलं, संपलं.

ओळखायचं कसं? धातूचा व्हॉल्व्ह दिसला की आत सेन्सर, असं काहीजण सांगतात. त्याचा भरवसा नाही, रबरी व्हॉल्व्हचेही सेन्सर येतात. पडद्यावर प्रत्येक चाकाचा वेगळा आकडा दिसत असेल तर आत सेन्सर आहे. नुसताच दिवा असेल तर मॅन्युअल उघडा.

हवापालट
आजोबा, माझ्याकडे चार वेगवेगळे आकडे दिसतात. म्हणजे आहेत.

मालवणी_मीठ
तुम्ही पिना बदलल्यात ना, मग एक विचारतो: पिन निकेल केलेली होती की साधी पितळी? सेन्सरचा व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा असला तर त्यात साधी पितळी पिन घालायची नसते. दोन धातू आणि मधे ओल, पिन आतच चिकटते. आमच्याकडे तर खारी हवा. मागच्या पावसानंतर टोपण काढलं तर आत पांढरी भुकटी. पंक्चरवाल्याने पक्कड लावून पिन फिरवली, पिन फिरली नाही, व्हॉल्व्हची मानच तुटली. सेल ठणठणीत, आणि सेन्सर फेकायचा. दीडशे रुपयांचं किट म्हणजे काय दिलं ते बघून घ्या.

टायरवाला_कोल्हापूर
@मालवणी_मीठ शंभर टक्के. आणि पंक्चरचं लिक्विड ओतणाऱ्यांनी तर सेन्सरबद्दल बोलूच नये. त्यातली काही औषधं सेन्सरच्या बारीक भोकात जाऊन बसतात, मग आकडा येतो कुठनं?

न्यूजर्सीकर
इकडचं सांगतो. अमेरिकेत फोर्ड एक्स्प्लोरर आणि फायरस्टोन टायरच्या अपघातांनंतर २०००मध्ये कायदा झाला आणि २००७च्या सप्टेंबरपासून सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाली. दुकानदाराला चालू यंत्रणा बंद पाडून गाडी परत देता येत नाही, म्हणून इथले दुकानवाले चाक खोलायच्या आधी प्रत्येक सेन्सर हातातल्या यंत्राने तपासून कागदावर लिहितात. माझी गाडी अकरा वर्षांची होती. टायर बदलताना दोन मेलेले निघाले, मी चारही घातले. एकाच दिवशी कारखान्यातून निघालेले चार सेल; दोन गेल्यावर बाकीचे दोन किती दिवस राहणार?

पण आणखी एक. त्या कायद्यात दिवा लागायची मर्यादा २५ टक्के घट आहे. म्हणजे ३३ची हवा जवळजवळ २५वर येईपर्यंत दिवा गप्प बसला तरी कायद्याने चालतं. शिवाय थंडीत तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, वरचे ३३, २५ त्यातलेच) कमी होतो. तेव्हा शंकासुरांचा गेज मी हसण्यावारी नेणार नाही.

शंकासुर
नोंद करून ठेवतो. पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या बाजूने बोललं.

दुसरा_गिअर
@शंकासुर आणि तुमच्या डिकीत स्टेपनी आहे ना? २०२०च्या नियमाप्रमाणे ट्यूबलेस टायर, टीपीएमएस (हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी हीच यंत्रणा) आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर कंपनी स्टेपनी न देताही गाडी विकू शकते. अशी गाडी घेऊन सेन्सर मेलेले ठेवलेत तर हाती काय उरलं?

हवापालट
बरं, ताजी बातमी. काल सकाळी गाडी काढली तर मागच्या उजव्या चाकापुढे आकड्याऐवजी दोन रेघा. साधारण दहा मिनिटांनी ३२ आला. आज परत रेघाच.

खडूस_आजोबा
घाबरू नका. गाडी उभी असताना सेन्सर झोपलेला असतो, चाक फिरायला लागलं की जागा होतो. रेघा म्हणजे बिघाडच असं नाही.

हवापालट
आजोबा, बाकी तिघे सोसायटीच्या गेटपर्यंत जागे झाले होते.

टायरवाला_कोल्हापूर
बसवताना मशीनचा पंजा व्हॉल्व्हजवळ लागला असेल, नाहीतर सेलच उतरला असेल. जिथं टायर टाकले तिथंच पावती घेऊन जावा, आधी यंत्रानं सेल तपासायला सांगा. मोडला असेल तर त्यांनी भरून द्यायचा.

हवापालट
आणि सेल उतरला असेल तर?

टायरवाला_कोल्हापूर
तर ३,४००. वर टायर उतरवायचे वेगळे.

हवापालट
एकच बदलणार. चार नाही म्हणजे नाही.