एफ-टूमध्ये शर्यत जिंकूनही एफ-वनची जागा का मिळत नाही? (सुपर लायसन्स, टायर, पैसा)

पिटलेन_ठाणे

मुंबईचा जेहान दारूवाला २०२० ते २०२३ असे चार हंगाम एफ-टूमध्ये (फॉर्म्युला टू, एफ-वनच्या म्हणजे फॉर्म्युला वनच्या लगेच खालचा वर्ग) धावला. २०२० ते २०२२ तो रेड बुलच्या ज्युनिअर ड्रायव्हरांत होता. २०२२ मध्ये इटलीतल्या मोन्झाची फीचर रेस (एफ-टूच्या दोन शर्यतींतली मोठी) जिंकला, त्याच वर्षी मॅक्लारेनच्या एफ-वन गाडीत चाचणीही झाली. तरीही एफ-वनची जागा मिळाली नाही, आणि २०२३-२४ च्या हंगामात तो मासेराटीकडून फॉर्म्युला ईमध्ये (विजेवरच्या गाड्यांची स्पर्धा) उतरला. बातम्यांत "थोडक्यात हुकलं" एवढंच वाचायला मिळतं. नेमकं काय आणि किती हुकतं, हे जाणकारांकडून हवं आहे.

सुपर लायसन्सचे (एफ-वनमध्ये धावायचा परवाना) ४० गुण कसे मोजतात? "टायर सांभाळला" म्हणतात तेव्हा ड्रायव्हर हातापायांनी काय करत असतो? आणि दहा-बारा वर्षांचं मूल आज कार्टिंग करत असेल, तर कोणती सवय आत्ताच लावावी, म्हणजे पुढे मोडावी लागणार नाही? आकडे आणि तंत्र दोन्ही चालेल.

ग्रिड_बारा

आधी लायसन्सचं. गुण ही अनेक अटींपैकी एक आहे. वय १८ हवं (२०२४ पासून एफआयए, म्हणजे मोटरस्पोर्टची जागतिक संघटना, १७ व्या वर्षीही अपवाद म्हणून परवानगी देऊ शकते). सिंगल-सीटर (एकाच आसनाच्या रेसिंग गाड्यांच्या) स्पर्धांच्या दोन हंगामांतल्या किमान ८० टक्के शर्यती झालेल्या हव्यात. रस्त्यावर चालवायचं साधं लायसन्स हवं, नियमांची परीक्षा द्यावी लागते, आणि एफ-वन गाडीत शर्यतीच्या वेगाने ३०० किमी काढावे लागतात, तेही जास्तीत जास्त दोन दिवसांत. संघाने जुनी गाडी देऊन चाचणी घेतली की ही शेवटची अट सुटते. म्हणून मॅक्लारेनच्या चाचणीसारखी संधी नुसती शाबासकी नसते, ती कागदोपत्रीही उपयोगी पडते.

गुण तीन हंगामांचे मिळून ४० लागतात. एफ-टूचा तक्ता असा: पहिल्या तिघांना प्रत्येकी ४०, चौथ्याला ३०, पाचव्याला २०, सहाव्याला १०, सातव्याला ८, आठव्याला ६, नवव्याला ४, दहाव्याला ३. त्याखालच्या एफ-थ्रीत विजेत्याला ३०, मग २५, २०, १५ असं उतरत जातं. सर्वांत खालचं एफ-फोर जिंकलं तरी १२ च. एफ-फोर आणि एफ-थ्रीच्या गुणांवर कितीही पुंजी केली तरी एफ-टूतला वाईट हंगाम ती खाऊन टाकतो, कारण दरवर्षी सर्वांत जुनं वर्ष हिशेबातून गळत असतं.

आता २०२२ चा एफ-टूचा अंतिम तक्ता पाहा. तिसरा लियाम लॉसन १४९ गुणांवर, चौथा लोगन सार्जंट १४८ वर, आणि जेहान १२६ गुणांनी सातवा. तिसऱ्या आणि सातव्यात २३ गुणांचं अंतर. एक फीचर रेस जिंकली की २५ मिळतात. म्हणजे अख्ख्या वर्षातली एक मोठी शर्यत इकडची तिकडे झाली असती, तर सुपर लायसन्सच्या खात्यात ८ ऐवजी ४० पडले असते. मला तरी "थोडक्यात हुकलं"चा खरा अर्थ हाच वाटतो.

आदल्या वर्षाची तुलना जास्त बोचते. २०२१ च्या सुरुवातीला आखातात एशियन एफ-थ्री झाली. झोऊ ग्वानयू पहिला, आणि मुंबई फाल्कन्स संघाकडून जेहान तिसरा. त्याच वर्षी एफ-टूमध्ये झोऊ तिसरा आला, जेहान सातवा. २०२२ ला झोऊ अल्फा रोमिओ या एफ-वन संघात बसला. त्याच्यामागे चिनी बाजारपेठेचं वजन होतं हे खरंच, पण तिसऱ्या क्रमांकामुळे लायसन्सचा प्रश्नच उरला नव्हता.

अमेरिकेतून येणाऱ्यांनाही हेच नडतं. २०२२ मध्ये कोल्टन हर्टाच्या नावावर इंडीकारचे (अमेरिकेतली वरची सिंगल-सीटर स्पर्धा) सात विजय होते, पण सुपर लायसन्सचे गुण ३२. एफआयएने सूट दिली नाही. त्या वेळच्या तक्त्यात इंडीकारला ४०, ३०, २० आणि चौथ्याला एकदम १० होते. शर्यती जिंकून वर्षअखेर पाचवा-सहावा येणाऱ्याच्या हाती त्यामुळे फारसं लागायचं नाही.

स्लिक_अठरा_इंची

ग्रिड_बारा यांनी २३ गुणांचं अंतर दाखवलं, ते कुठे जातं ते सांगतो. बहुतेक वेळा क्वालिफायिंगच्या (शर्यतीत कोण कुठून सुरू करणार हे ठरवणारं सत्र) ३० मिनिटांत.

एफ-टूच्या शुक्रवारी ४५ मिनिटांचा एकच सराव आणि मग क्वालिफायिंग. मऊ टायरचे दोन नवे सेट, म्हणजे खऱ्या अर्थाने वेगवान दोनच प्रयत्न. त्यातला एक लाल झेंड्यात (सत्र थांबवण्याची खूण) किंवा पुढच्याच्या घसरण्यात गेला की बाराव्या-चौदाव्या जागेवरून फीचर रेस. पहिले दहा जण स्प्रिंटसाठी (दोनपैकी छोटी शर्यत) उलटे लावतात, त्यामुळे दहावा आलेला स्प्रिंटला सर्वांत पुढे उभा राहतो. पण स्प्रिंट जिंकल्याचे १० गुण आणि फीचरचे २५, वर पोलचे (क्वालिफायिंगमध्ये पहिला येण्याचे) २. म्हणून संघांचे लोक नुसती विजयांची संख्या बघत नाहीत, क्वालिफायिंगमधला सरासरी क्रमांक बघतात. जेहानचा मोन्झाचा विजय फीचरचा होता, म्हणून त्याची किंमत वेगळी.

टायरचं. एफ-टूत टायर गरम करणारी ब्लँकेट नसतात. थंड टायर घेऊन बाहेर पडायचं आणि एक-दोन फेऱ्यांत तो आतपासून तापवायचा. नवखा ड्रायव्हर नागमोडी चालवतो, चाकं फिरवतो. त्याने फक्त वरचा थर तापतो, आतला रबर गारच राहतो. मग वेगवान फेरीच्या पहिल्या वळणावर पकड मिळते आणि तिसऱ्या भागात टायर संपलेला असतो. खरी उष्णता ब्रेकमधून रिममध्ये आणि रिममधून टायरच्या गाभ्यात जाते. सरळ रस्त्यावर जोरात ब्रेक, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक असं करत यायचं. आणि पुढचे-मागचे टायर एकाच वेळी तयार झाले पाहिजेत. मागचे आधी तापले की गाडी वळणात मागून सुटते, पुढचे गार राहिले की ती वळतच नाही.

शर्यतीत उलटा प्रश्न. ३.४ लिटरचं टर्बो व्ही-सिक्स, ६२० अश्वशक्ती, आणि ती सगळी मागच्या दोन चाकांवर. मागचा टायर एकदा घसरला की पृष्ठभाग तापतो, तापला की पकड कमी होते, पकड कमी झाली की आणखी घसरतो. या फेऱ्यात अडकलेला पाच-सहा फेऱ्यांत मागे पडतो. उपाय उजव्या पायात आहे: मंद वळणातून निघताना स्टिअरिंग सरळ होऊ द्यायचं, मग पूर्ण थ्रॉटल; गिअर जरा आधीच वर टाकायचा, म्हणजे चाकावर येणारा जोर कमी होतो; सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेकच्या थोडं आधी पाय उचलायचा. पुढच्या गाडीला चिकटून राहणं सर्वांत महाग पडतं. ढवळलेल्या हवेत डाउनफोर्स (गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर) कमी होतो आणि गाडी चारही चाकांवर घसरते. दीड-दोन सेकंद मागे राहावं आणि हल्ला करायचा त्याच दोन फेऱ्यांसाठी डीआरएसच्या (वेगासाठी मागची विंग उघडायची सोय) एक सेकंदाच्या आत शिरावं.

फीचर रेसमध्ये एक थांबा सक्तीचा असतो आणि पहिल्या सहा फेऱ्यांतला थांबा धरत नाहीत. थांबून बाहेर आल्यावरची पहिली अर्धी फेरी, थंड टायरवर, तिथे सर्वाधिक जागा जातात. तिथे शांत राहणारे ड्रायव्हर मला फार आवडतात.

अंगाचंही बोलायला हवं. एफ-टूला पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे खांदे आणि मनगटं आधी थकतात आणि थकलेला हात स्टिअरिंग हळू सोडतो. एफ-वनला पॉवर स्टिअरिंग आहे, पण तिथे मान जाते. डोकं आणि हेल्मेट मिळून साधारण साडेसहा किलो धरा; ५ जी च्या (गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट जोराच्या) वळणात ते बाजूला ओढणारं ३२ किलोचं वजन होतं. एक दिवस चाचणी देऊन दुसऱ्या दिवशी मान न धरता चालवणं, हीच ३०० किमीच्या अटीतली खरी परीक्षा.

पिटलेन_ठाणे

दोघांचेही मनापासून आभार. २३ गुणांचा हिशेब कुठेच वाचला नव्हता. कार्टिंगबद्दल कोणी सांगेल का? आणि खर्चाचा अंदाज?

टूस्ट्रोक_कोल्हापूर

कार्टमधून गाडीत जाताना सर्वांत जास्त त्रास देणारी सवय म्हणजे स्टिअरिंगला झटका देणं. कार्टला डिफरन्शियल नसतं, मागचा आस सलग असतो. वळण घ्यायचं तर आतलं मागचं चाक क्षणभर उचललं गेलं पाहिजे, नाहीतर कार्ट सरळच जाऊ बघतं. म्हणून मुलं सुरुवातीला स्टिअरिंग चटकन जास्त वळवतात, आणि कार्टमध्ये ते बरोबरच आहे. विंग असलेल्या गाडीत तसं केलं की पुढचा टायर घासतो. कार्टमध्येही हातांची हालचाल एकसंध ठेवायला शिकवलं, तर पुढे सोपं जातं.

दुसरी सवय ब्रेकची. रोटॅक्स इंजिनाच्या कार्टला ब्रेक फक्त मागे, त्यामुळे तिथे पाय जपून टाकावा लागतो. विंगच्या गाडीत वेग जास्त असताना डाउनफोर्सही जास्त असतो, म्हणून पहिल्याच क्षणी सर्वाधिक दाब द्यायचा आणि वेग उतरेल तसा सोडत जायचा. एफ-फोरमध्ये आलेले कार्टवाले नेमकं उलटं करतात: हळू सुरू करतात आणि शेवटी चाक लॉक करतात. चांगली गोष्ट एवढीच की डावा पाय ब्रेकवर, ही सवय दोन्हीकडे तीच.

मुलाला यंत्र समजलं पाहिजे, यावर माझा फार भर आहे. रोटॅक्स १२५ सीसी टू-स्ट्रोकला २ टक्के तेल, म्हणजे लिटरला २० मिली. मिश्रण मापानेच करायचं, अंदाजाने नाही. उकाड्यात, दमट हवेत ऑक्सिजन कमी, म्हणून मेन जेट (कार्ब्युरेटरमधून पेट्रोल सोडणारं छिद्र) लहान. थंड कोरड्या सकाळी मोठा. दुपारचा लहान जेट सकाळी तसाच राहिला तर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो. टायरमध्ये थंड असताना साधारण १० ते १२ पीएसआयपासून सुरुवात करा, धावून आल्यावर लगेच पुन्हा मोजा आणि वहीत लिहा. ट्रॅक, तापमान, जेट, स्प्रॉकेटचे दाते, दाब, सर्वोत्तम वेळ. बारा वर्षांच्या मुलाने ही वही स्वतःच्या हाताने लिहावी. पुढे इंजिनिअरला "मागून सुटते" एवढंच न सांगता "वळणाच्या मध्यात, थ्रॉटल उघडण्याआधी सुटते" असं सांगता येणं तिथूनच सुरू होतं.

भाड्याच्या कार्टवर मजा येते, पण सेटअप शिकता येत नाही. राष्ट्रीय स्पर्धेसाठी एफएमएससीआयचं (भारतातल्या मोटरस्पोर्टची संघटना) लायसन्स लागतं. पंधराव्या वर्षी एफ-फोर. भारतात ती मुख्यतः चेन्नई आणि कोइम्बतूरच्या ट्रॅकवर होते.

खर्चवही

पैशांचे आकडे ढोबळ आहेत, संघागणिक बदलतात. युरोपात एफ-फोरचा हंगाम साधारण ३ ते ५ लाख युरो, फॉर्म्युला रीजनल (एफ-फोर आणि एफ-थ्रीमधली पायरी) ७ ते १० लाख, एफ-थ्री १० लाखांच्या वर, एफ-टू २० ते ३० लाख युरो.

करारात फसगत होते ती "हंगामाची रक्कम" या शब्दांत. त्यात चाचणीचे किती दिवस, किती सेट टायर, इंजिनचं भाडं, डेटा इंजिनिअर हे लिहून घ्या. अपघाताचं नुकसान जवळजवळ नेहमी वेगळं लावतात. प्रत्येक घटनेला कमाल किती, हे ठरवून घ्या. एफ-टू, एफ-थ्रीचे सुटे भाग ठरलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यावे लागतात, स्वस्त पर्याय नाही. सर्वांत वाईट होतं ते प्रायोजकाचा दुसरा हप्ता थकतो तेव्हा: मध्यावर जागा दुसऱ्याला जाते आणि त्या वर्षाचे लायसन्स गुणही हातचे जातात. अर्ध्या हंगामाचे पैसे हातात असतील तर खालच्या वर्गात पूर्ण हंगाम आणि चाचणीचे दिवस घेतलेले बरे.

एफ-वन म्हणजेच कारकीर्द, असं मात्र मानू नका. नारायण कार्तिकेयन एफ-वनमध्ये २००५ ला जॉर्डन संघात, २०११-१२ ला एचआरटी संघात होता. त्यानंतर जपानच्या सुपर फॉर्म्युलात २०१८ पर्यंत धावला. २०२२ चा एफ-टू विजेता फेलिपे ड्रुगोविच अ‍ॅस्टन मार्टिनचा राखीव ड्रायव्हर झाला, आणि विजेत्याला एफ-टूत परत येता येत नाही. जपान, इंडीकार, फॉर्म्युला ई इथे पगार देणाऱ्या जागा आहेत. विसाव्या वर्षापासून तिकडच्या संघांशी बोलणी चालू ठेवणं, हा कारकिर्दीचाच भाग आहे.

ग्रिड_बारा

एक राहिलं. गुण थोडे कमी पडत असतील तर शुक्रवारच्या एफ-वन सरावात १०० किमी पूर्ण केल्यावर १ गुण मिळतो, असे कमाल १०. संघांना आता दरवर्षी प्रत्येक गाडीत दोन सरावसत्रं नवोदिताला द्यावीच लागतात. पण तिथे बसायलाही आधी २५ गुण किंवा एफ-टूच्या सहा शर्यती लागतात. आणि १०० किमी एका तासात पूर्ण करायचे असतात. पाच किमीच्या ट्रॅकवर त्या वीस फेऱ्या झाल्या, म्हणून लाल झेंडा लांबला तर तो गुण गेला.