प्रार्थना करूनही आजार हटत नाही, तेव्हा विश्वास कसा टिकवायचा?

विक्रोळीची ताई:
सलाम. माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मुलाला शाळेत सोडून त्यांना घेऊन जाते आणि चार तास बाहेरच्या बाकावर बसते. आमच्या चर्चच्या मंडळीने उपास केले, घरप्रार्थना घेतल्या. परवा मंडळीतले एक भाऊ घरी आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "घरात काहीतरी पाप लपलंय, नाहीतर विश्वास कमी पडतोय." तेव्हापासून मला प्रार्थनाच जमत नाही. गुडघे टेकते, पण शब्द फुटत नाही. देवाचा राग येतो आणि त्या रागाचीच भीती वाटते. मुलगा विचारतो, "येशू पप्पांना बरं का करत नाही?" काय सांगू त्याला?

रवी, कल्याण:
ताई, रोमकरांस पत्र 8:28 धरून ठेवा. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. दुःख तोंडाने बोलून दाखवू नका, फक्त स्तुती करा. आम्ही प्रार्थना करतोय.

भायखळ्याची मावशी:
रवीभाऊ, तुमचं मन चांगलं आहे, पण "बोलून दाखवू नका" हे मला अजिबात पटत नाही. तुम्ही दिलेल्या वचनाच्या दोनच वचनं वर बघा. 26 व्या वचनात हे पत्र लिहिणारा पौल म्हणतो की काय प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा पवित्र आत्मा स्वतः शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. ताई, तुमचं ते मुक्याने गुडघे टेकणं प्रार्थनाच आहे.

मी महापालिकेच्या हॉस्पिटलात सिस्टर होते. वॉर्डात माणसं देवाला काय काय बोलतात ते मी जन्मभर ऐकलंय. स्तोत्रसंहितेतलं 88 वं स्तोत्र वाचा. बाकीची विलापाची स्तोत्रं शेवटी बहुधा आशेकडे वळतात, हे अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. राग देवासमोर मांडणारा माणूस देवाला सोडून गेलेला नसतो, त्याच्याशीच बोलत असतो.

आणि ते पापाचं. योहान 9 मध्ये जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी नेमकं हेच विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस गप्प बसले होते तोवर बरे होते, तोंड उघडलं आणि ईयोबावर दोष लादत सुटले. शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. ते भाऊ पुन्हा आले तर त्यांना चहा द्या आणि विषय बदला. तुमच्या मिस्टरांच्या उशाशी असलं बोलणं नको.

पंडिता रमाबाईंकडे बघा. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा गेला. पदरात तान्ही मुलगी. 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण ख्रिस्त आपल्याला खऱ्या अर्थाने त्यानंतर काही वर्षांनी भेटला, असं त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहिलंय. 1889 मध्ये याच मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली, तेव्हा त्या अजून त्या वाटेवरच होत्या. 1921 मध्ये ती एकुलती मुलगीही गेली आणि पुढच्या वर्षी बाई गेल्या. शेवटपर्यंत बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्या हातात होतं. बाईंचा विश्वास एका रात्रीत पक्का झाला नव्हता, तुम्हीही स्वतःला वेळ द्या.

सध्या दुसऱ्यांच्या विश्वासावर टेका. मार्क 2 मध्ये चौघांनी पक्षघाती माणसाला छपरातून खाली सोडलं, आणि येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला. तुमच्या पाळकसाहेबांना आणि महिला संघाला नेमकं काम सांगा. एकीने मुलाला शाळेतून आणायचं, एकीने आठवड्यातून एकदा तुमच्याऐवजी बाकावर बसायचं. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे सांगून टाका. आणि भेटायला येणारे प्रेमाने शहाळं आणि केळी आणतात, त्यांना आधीच नको म्हणा. दोन्हीत पोटॅशियम खूप असतं. डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य मोडणं म्हणजे विश्वास दाखवणं नव्हे.

मुलाला खरं सांगा: "मला माहीत नाही, मीही रोज विचारते." आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला हेही सांगा. आणि क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने स्वतः दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, तो टळला नाही. मुलांना हे कळतं.

वसईकर:
मी कॅथलिक. बायको आजारी असताना दर बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जायचो. ती वाचली नाही. पण त्या दिवसांत स्वतःचे शब्द संपले होते आणि छापील प्रार्थनेने मला धरून ठेवलं. शेजारचा अनोळखी माणूस तेच शब्द मोठ्याने म्हणतोय, याचाही आधार वाटतो. तुमच्याकडच्या उपासनेच्या पुस्तकातली एखादी प्रार्थना नुसती वाचत चला.

विक्रोळीची ताई:
88 वं स्तोत्र आज बाकावरच वाचलं. मग मिस्टरांनाही वाचून दाखवलं. म्हणाले, "हे कोणी लिहिलंय, त्याला सगळं माहीत आहे." मावशी, महिला संघाच्या बाईंना फोन केला. मुलाला शाळेतून आणायचं त्यांनी लगेच मान्य केलं. बाकावर बसायला मात्र अजून कोणी मिळालं नाही.

भायखळ्याची मावशी:
शनिवारी मी बसते. हॉस्पिटल आणि वेळ खासगी निरोपात कळवा.